बॅटरीची अदलाबदल

पुण्याहून बंगळूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आमच्या कागलवरून जातो. कोल्हापूर येथून सुमारे वीस किलोमीटरवर आहे आणि कर्नाटकाची हद्द तर अगदी जवळ. सकाळी पाळी सुरू होण्याच्या सुमारास ह्या रस्त्याच्या कडेला उभे राहावे. मुरगूड, सिद्धनेर्ली, म्हाकवे अशा गावांहून पंचतारांकित औद्योगिक वसाहतीकडे निघालेल्या कामगारांच्या दुचाक्या एकीमागून एक जाताना दिसतात. त्या गर्दीत अलीकडे काही गाड्या आवाज न करता पुढे सरकतात. त्यांना धूर नाही, धडधड नाही. ह्या विजेवर चालणाऱ्या स्कूटर होत.

मुलांनो, अशी स्कूटर तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी किंवा शेजारी असेल. तिचा मालक तिची स्तुती करील. परंतु थोडे खोदून विचारले, तर एक तक्रारही सांगेल. पेट्रोलची गाडी पंपावर दोन मिनिटांत भरून निघते. विजेच्या गाडीची बॅटरी संपली म्हणजे ती तासन्‌तास तारेला बांधून ठेवावी लागते. ह्याचा हिशोब सोपा आहे. एक किलोवॅटचे उपकरण एक तास चालले, की एक युनिट वीज खर्च होते, हे तुम्ही शिकला आहात. समजा, स्कूटरच्या बॅटरीत तीन युनिट वीज मावते आणि घरचा चार्जर साडेसातशे वॅटचा आहे. तीन हजारांस साडेसातशेने भागा. चार तास आले. वाटेत थोडी वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते, ती धरली तर आणखी थोडे अधिक. ज्याला रात्रपाळी करून आल्यावर लगेच दवाखान्यात किंवा शेतावर जावयाचे आहे, त्याला हे चार तास फार मोठे वाटतात.

मग गाडी थांबवून ठेवण्याऐवजी रिकामी झालेली बॅटरीच काढून घेतली आणि तिच्या जागी भरलेली बसविली तर?

ही युक्ती दिसते तितकी नवी नाही. कोल्हापुरास १८९१ साली आगगाडी आली. त्यापूर्वी ह्या मुलखात लांबच्या वाटेवर घोडा आणि बैल हीच वाहने होती. डाकेचा टांगा वाटेत कोठेही घोड्यांना दाणावैरण घालीत बसत नसे. ठराविक टप्प्यावर ताजे घोडे तयार असत. दमलेले सोडावेत, ताजे जुंपावेत आणि टांगा हाकावा. विश्रांती घोड्याला हवी, टांग्याला नव्हे, एवढे साधे तत्त्व त्यामागे होते. विजेची वाहने निघाल्यावर तेच तत्त्व पुन्हा उपयोगी पडले. न्यूयॉर्क शहरात १८९७ च्या सुमारास विजेवरील भाड्याच्या घोडागाड्यांसारख्या गाड्या धावत. त्यांच्या अतिशय जड बॅटऱ्या तळावर यंत्राच्या साहाय्याने काही मिनिटांत बदलीत असत. पुढे त्याच देशातील हार्टफर्ड नावाच्या गावी तेथील वीज कंपनीने १९२४ पर्यंत मालमोटारींकरिता अशी व्यवस्था चालविली. ग्राहकाने मोटार बॅटरीवाचून विकत घ्यावयाची, बॅटरी कंपनीने पुरवावयाची आणि मोटार जितके मैल धावेल त्या मानाने पैसे द्यावयाचे. शंभर वर्षांपूर्वीची ही योजना वाचताना मला तरी आपल्या स्वयंपाकघराची आठवण होते.

तुमच्या घरी गॅसची टाकी येते, तेव्हा नेमके काय घडते ते नीट पाहा. गाडीवाला भरलेली टाकी आत आणतो व रिकामी घेऊन जातो. आपली म्हणून काल ज्या टाकीवर भाकरी भाजली, ती उद्या दुसऱ्याच कोणाच्या घरी जाईल. त्याचे आपणांस काही वाटत नाही. कारण टाकी आपली नसतेच. आपण तिच्यासाठी अनामत रक्कम ठेवलेली असते आणि दर खेपेस किंमत देतो ती आतील १४.२ किलो गॅसची. कोणतीही टाकी आली तरी आपला रेग्युलेटर तिच्यावर बसतो, कारण झडपेचे माप ठरलेले आहे. रिकाम्या टाकीचे वजन तिच्या अंगावर लिहिलेले असते, म्हणून गॅस कमी आला की काय हे काट्यावर पडताळता येते. तिच्या गळ्याजवळच्या पट्टीवर 'बी-२८' असे एक अक्षर व आकडाही असतो. 'ए' म्हणजे जानेवारी ते मार्च, 'बी' म्हणजे एप्रिल ते जून, ह्या क्रमाने ते वर्षातील तिमाही सांगते. त्या मुदतीनंतर टाकीची परीक्षा झाल्यावाचून ती वापरावयाची नसते.

म्हणजे ह्या साध्या देवघेवीमागे किती गोष्टी उभ्या आहेत! माप एक, मालक वेगळा, आतला माल मोजण्याची सोय आणि टाकी सुरक्षित असल्याची खूण. ह्यांतील एकही गोष्ट नसती, तर टाकी बदलणे हे दोन मिनिटांचे काम राहिले नसते. बॅटरीची अदलाबदल सोपी करावयाची म्हणजे ह्याच गोष्टी बॅटरीच्या बाबतीत घडवून आणावयाच्या. तथापि बॅटरी ही गॅसच्या टाकीपेक्षा काही बाबतींत अधिक अवघड वस्तू आहे, ती कशी ते आता पाहू.

प्रथम वजनाचा विचार करू. जुन्या काळची शिशाची बॅटरी तुम्ही ट्रॅक्टरवर पाहिली असेल. दीड युनिट वीज साठविण्यास तसल्या शिशाच्या बॅटऱ्या चाळीस किलोच्या आसपास लागतील. ते ओझे रोज उचलणे कोणालाही परवडणारे नाही. लिथियम-आयन नावाची बॅटरी १९९१ साली बाजारात आली आणि हे चित्र पालटले. ती शोधून काढणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ह्या जातीच्या बॅटरीत तीच दीड युनिट वीज सुमारे दहा किलो वजनात मावते. दहा लिटर पाण्याने भरलेली कळशी जेवढी जड, तेवढीच ही. थोरल्या माणसाला ती उचलता येते. परंतु वयस्क मनुष्याला तिच्यासह दोन मजले चढावयास सांगा, म्हणजे दहा किलो म्हणजे काय ते कळेल.

म्हणूनच बहुतेक ठिकाणी एका मोठ्या बॅटरीऐवजी दोन लहान बॅटऱ्या ठेवण्याकडे कल आहे. होंडा कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतात विजेवरची ॲक्टिव्हा जाहीर केली. तिच्या आसनाखाली प्रत्येकी दीड युनिटच्या दोन बॅटऱ्या होत्या आणि दोन्ही मिळून गाडी १०२ किलोमीटर जाईल असे कंपनीने सांगितले. एका युनिटात ३४ किलोमीटर, असा हा हिशोब झाला. माझ्या मते दोन बॅटऱ्यांची पद्धत फार शहाणपणाची आहे. एका हातात एक आणि दुसऱ्या हातात एक घेतली म्हणजे अंग एका बाजूस कलत नाही. पाण्याच्या दोन बादल्या दोन हातांत आणणाऱ्या कोणाही गृहिणीला हे शिकवावे लागत नाही.

वजनाइतकेच महत्त्व मुठीला आणि खणाला आहे. बॅटरी ज्या पोकळीत बसते तिला आपण खण म्हणू. खण खोल असला आणि बॅटरी आडवी ओढून काढावी लागली, तर पाठीत कळ येते. म्हणून बॅटरी उभी ठेवून सरळ वर उचलता येईल किंवा उचलणाऱ्याकडे किंचित कललेली असेल अशी रचना करतात. मूठ वजनाच्या बरोबर मध्यावर येईल अशी ठेवतात, नाहीतर बॅटरी हातात फिरते. खणाच्या दोन्ही अंगांना सरकपट्ट्या असतात. त्यांमुळे बॅटरी अंधारातही आपोआप वाटेवर येते. शिवाय बॅटरीची एक कड मुद्दाम वेगळी घडविलेली असते. ती उलटी घालू गेल्यास खणात शिरतच नाही. टॉर्चमधील घटाच्या एका टोकास जे बारीक बोंड असते, त्याचे काम थोडेसे असेच आहे. परंतु टॉर्चचा घट उलटा घातला तर दिवा लागत नाही, एवढेच होते. येथे उलटे घातल्यास गाडीच जळेल.

आता सर्वांत अवघड भागाकडे वळू. तो आहे खणाच्या तळाशी, जेथे बॅटरीची आणि गाडीची वीज एकमेकींस भेटते.

घरातील दोन हजार वॅटच्या गिझरला २३० व्होल्टची वीज मिळते, म्हणून त्यातून सुमारे नऊ अँपिअर प्रवाह वाहतो. स्कूटरची बॅटरी मात्र साधारण पन्नास व्होल्टच्या आसपास ठेवतात. साठ व्होल्टपेक्षा कमी दाबाच्या बॅटरीला कोरडा हात लागला, तर सहसा जिवावर बेतत नाही, हे त्याचे मुख्य कारण. पण दाब कमी ठेवला की तेवढेच काम करावयास प्रवाह अधिक लागतो. निपाणीपुढे तवंदीचा घाट चढताना स्कूटरच्या मोटारीने चार हजार वॅट शक्ती घेतली असे धरू. चार हजारांस पन्नासाने भागले तर ऐंशी अँपिअर येतात. गिझरच्या जवळजवळ नऊपट प्रवाह, आणि तो एवढ्याशा जोडातून!

विजेच्या जोडात थोडासा रोध असतोच. प्रवाह दुप्पट झाला, की त्या रोधामुळे निर्माण होणारी उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. जोड थोडा सैल झाला, त्यात धूळ बसली आणि त्याचा रोध केवळ एक शतांश ओहम झाला, असे समजा. ऐंशी गुणिले ऐंशी म्हणजे सहा हजार चारशे. त्याचा शतांश चौसष्ट. बोटाएवढ्या जागेत चौसष्ट वॅट उष्णता! रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे कथील वितळविणारे सोल्डरिंग आयर्न बहुधा ह्याहून कमी वॅटचे असते. गाडी चालत असताना हा जोड हादऱ्यांनी हलतो, पावसाळ्यात त्यावर चिखल उडतो आणि अदलाबदलीची गाडी असल्यास तो वर्षातून शेकडो वेळा उघडझाप होतो. बॅटरी पक्की बसविलेल्या गाडीत हाच जोड एकदा आवळला की वर्षानुवर्षे तसाच राहतो. काही कंपन्या आपल्या बॅटऱ्या काढता न येण्याजोग्या करतात, त्यामागे हेही एक कारण आहे. पुण्याजवळ चाकण येथे तयार होऊन २०२० साली बाजारात आलेल्या बजाजच्या विजेवरील चेतक स्कूटरची बॅटरी पक्की बसविलेली होती. त्या रचनेला कोणी मागासलेली म्हणू नये. पक्क्या बॅटरीची गाडी पाण्यापासून व हादऱ्यांपासून राखणे सोपे जाते आणि आसनाखाली जागाही मिळते.

जोड जुळण्याच्या क्षणाची आणखी एक अडचण आहे. मोटारीला वीज पुरविणाऱ्या यंत्रणेत वीज क्षणभर साठवून ठेवणारे धारित्र असते. ते रिकामे असताना बॅटरी एकदम जोडली, तर प्रचंड प्रवाह त्यात धाव घेतो आणि जोडाच्या टोकांवर ठिणगी उडते. दर ठिणगीगणिक धातू थोडा थोडा झिजतो. ह्यावरचा उपाय मोठा मार्मिक आहे आणि तो समजण्यासाठी तुम्ही घरातील इस्त्रीची तीन पिनांची वायर हातात घ्या. तिच्या तीन पिनांपैकी सर्वांत वरची पिन जाड आणि लांब आहे. ती जमिनीशी जोडणारी पिन होय. लांब असल्यामुळे ती भिंतीतल्या खाचेत इतर दोघींच्या आधी शिरते आणि ओढताना सर्वांच्या शेवटी बाहेर येते. म्हणजे धोक्याच्या वीजवाहक पिना जोडलेल्या असेपर्यंत रक्षण करणारी पिन जागेवर असते. पिनांची लांबी कमीजास्त करून आधी कोणती जोडावी आणि मागून कोणती, हा क्रम कारागिराने धातूतच घडवून ठेवला आहे.

बॅटरीच्या जोडातही हीच युक्ती वापरता येते. आधी एक बारीक पिन जुळते. तिच्यातून, रोध लावलेल्या वाटेने, अगदी थोडा प्रवाह जातो आणि धारित्र सावकाश भरते. मग मुख्य जाड पिना जुळतात. त्या वेळी दोन्ही बाजूंचा दाब सारखा झालेला असल्याने ठिणगी उडत नाही. सर्वांत आखूड ठेवलेली पिन निरोपाची असते. ती जुळली म्हणजेच बॅटरी पूर्ण प्रवाह सोडते. बॅटरी काढताना ही आखूड पिन सर्वांआधी सुटते. तत्क्षणी बॅटरी प्रवाह बंद करते आणि जाड पिना वेगळ्या होतात तेव्हा त्यांतून काहीच वाहत नसते. दोन मिलिमीटरच्या फरकात एवढे सारे घडते!

दहा किलोची बॅटरी घाईने खणात सोडली, तर तिच्या भाराने ह्या नाजूक पिना वाकतील. म्हणून चांगल्या रचनेत बॅटरी आधी आधारावर बसते आणि मग एक खटका किंवा तरफ दाबून जोड सावकाश जुळविला जातो. तीच तरफ बॅटरीला जखडूनही ठेवते. आमच्याकडच्या पावसात खणाच्या तळाशी पाणी साचणार हे गृहीत धरून तेथे पाणी वाहून जाण्यास भोक ठेवावे लागते. काही बॅटऱ्यांवर 'आयपी ६७' अशी खूण असते. तिचा अर्थ असा, की आत धूळ जाणार नाही आणि एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास राहिली तरी पाणी शिरणार नाही. ही खूण बॅटरीच्या पेटीविषयी आहे. चिखलाने भरलेल्या जोडाला ती वाचवू शकत नाही, हे लक्षात असू द्यावे.

बॅटरीच्या पोटात काय असते, हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. एकेक लिथियम घट फक्त तीन-साडेतीन व्होल्टचा असतो. असे चौदा-सोळा घट एकापुढे एक जोडून पन्नास व्होल्ट होतात. त्यांच्यावर लक्ष ठेवणारा एक इलेक्ट्रॉनिक परिपथ आत बसविलेला असतो. कोणता घट फार भरला, कोणता फार रिता झाला, कोणाचे तापमान वाढले, हे तो पाहतो व धोका दिसताच प्रवाह तोडतो. दोन बॅटऱ्यांच्या गाडीत त्याला आणखी एक काम पडते. दोन पाण्याच्या टाक्यांची कल्पना करा. एक काठोकाठ भरलेली आणि एक रिकामी. त्यांच्या तळांना रुंद नळाने जोडले, तर पाणी भरलेलीतून रिकामीकडे लोंढ्याने धावेल. बॅटऱ्यांचेही तसेच होते. एक भरलेली आणि दुसरी अर्धी अशी जोडी लावली व मध्ये रखवालदार नसला, तर एकीतून दुसरीत घातक प्रवाह जाईल. ह्याकरिता अदलाबदलीच्या केंद्रावर दोन्ही बॅटऱ्या सारख्या भरलेल्या देणे इष्ट असते आणि गाडीतील परिपथ आधी दोघींची विचारपूस करून मगच त्यांना जोडतो. गावोगावी काही हौशी कारागीर दोन जुन्या बॅटऱ्यांना वायरीचे तुकडे बांधून गाडी चालवून दाखवितात. त्यांच्या हातांची करामत मान्य केली, तरी त्या गाडीवर मी बसणार नाही.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण मोठी माणसेही त्यात घोटाळा करतात. बॅटरी 'काढता येणे' आणि 'बदलता येणे' ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हिरो कंपनीने ऑक्टोबर २०२२ मध्ये विडा नावाची स्कूटर आणली. तिच्या बॅटऱ्या आसनाखालून काढून घरात नेऊन चार्ज करता येतात. जो वरच्या मजल्यावर राहतो आणि ज्याच्या वाहनतळाशी विजेचा खटका नाही, त्याला ही मोठी सोय झाली. परंतु बॅटरी त्याच गाडीची आणि त्याच मालकाची राहिली. चार तासही वाचले नाहीत. उलट वर सांगितलेल्या होंडाच्या गाडीची बॅटरी घरी चार्ज करावयाची सोयच ठेवली नव्हती. ती केंद्रावर देऊन दुसरी घ्यावयाची. पहिल्या पद्धतीत सोय मालकाच्या घरात आहे, तर दुसरीत ती रस्त्यावरच्या केंद्रात आहे. केंद्र जवळ नसेल तर दुसरी गाडी निरुपयोगी.

घरात बॅटरी आणण्यात एक धोकाही आहे. मुंबईजवळ वसई येथे २०२२ साली घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला आणि शेजारी झोपलेला एक सात वर्षांचा मुलगा भाजून मृत्यू पावला. त्याच वर्षी देशात इतरत्रही विजेच्या दुचाक्या पेटल्याच्या घटना घडल्या, तेव्हा केंद्र सरकारने बॅटऱ्यांच्या परीक्षेचे नियम अधिक कडक केले. लिथियमच्या घटात आतून बिघाड झाला, की तो स्वतःच्याच उष्णतेने अधिकाधिक तापत जातो आणि शेजारच्या घटाला पेटवितो. चार्जिंग चालू असलेली बॅटरी झोपण्याच्या खोलीत, अंथरुणाजवळ किंवा घराच्या एकुलत्या दाराशी का ठेवू नये, हे ह्यावरून समजेल. दार पेटले तर बाहेर पडणार कोठून? पडलेली, चेपलेली, फुगलेली किंवा पाण्यात बुडालेली बॅटरी चार्ज करावयाचीच नसते. अदलाबदलीच्या केंद्राचा मला दिसणारा सर्वांत मोठा फायदा हाच आहे. तेथे बॅटऱ्या लोखंडी कपाटात, माणसांपासून दूर, तापमानावर नजर ठेवून आणि घाई न करता भरता येतात. सावकाश भरलेली बॅटरी टिकतेही अधिक. दुपारी सूर्यापासून मिळणारी वीज भरपूर असते, तेव्हा ती भरून ठेवावी आणि संध्याकाळी पाळी सुटल्यावर वाटावी, असेही करता येते.

एवढे सगळे साधले तरी एक प्रश्न उरतोच. गॅसची टाकी जशी कोणत्याही शेगडीला चालते, तशी एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या गाडीत बसेल काय?

ह्या प्रश्नावर मोठमोठे उद्योग अडखळले आहेत. इस्राएल देशात २००७ साली 'बेटर प्लेस' नावाची कंपनी निघाली. मोटारगाड्यांच्या बॅटऱ्या यंत्राने बदलणारी केंद्रे तिने उभारली. पण ती बॅटरी बसेल अशी गाडी रेनो कंपनीने केलेली एकच. केंद्रे पुष्कळ, गाड्या थोड्या, अशा अवस्थेत २०१३ साली कंपनीचे दिवाळे निघाले. तैवानमध्ये गोगोरो कंपनीने २०१५ पासून स्कूटरकरिता हीच व्यवस्था सुरू केली आणि ती रुजली. तिने आपली बॅटरी इतरांनाही वापरू दिली. यामाहासारख्या प्रतिस्पर्धी कंपनीने २०१९ साली त्याच बॅटरीवर चालणारी स्कूटर काढली. मग चौकाचौकातील कपाटे सर्वांच्याच उपयोगी पडू लागली. जपानमधील होंडा, यामाहा, सुझुकी व कावासाकी ह्या चार कंपन्या एरवी एकमेकींच्या हाडवैरी. परंतु मार्च २०२१ मध्ये त्यांनी दुचाकीच्या बदलत्या बॅटरीचे सामाईक मानक मान्य केले.

भारतातही ह्या दिशेने पावले पडली आहेत. ऑगस्ट २०२० मध्ये बॅटरीशिवाय विजेचे वाहन विकण्यास व त्याची नोंदणी करण्यास केंद्राने परवानगी दिली. हार्टफर्डची जुनी कल्पना अशा रीतीने आपल्या कायद्यात आली. फेब्रुवारी २०२२ च्या अर्थसंकल्पात बॅटरी-अदलाबदलीचे धोरण व एकमेकींत चालणाऱ्या बॅटऱ्यांचे मानक करण्याची घोषणा झाली आणि एप्रिलमध्ये नीती आयोगाने धोरणाचा मसुदा लोकांपुढे ठेवला. जानेवारी २०२५ मध्ये ऊर्जा मंत्रालयाने अदलाबदल केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. तरीही सर्व कंपन्यांच्या स्कूटरना चालेल अशी एकच बॅटरी अजून ठरलेली नाही. कंपन्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. बॅटरीची विद्या दर वर्षी सुधारत आहे. आजच माप बांधून टाकले, तर उद्याची अधिक हलकी व अधिक वीज साठविणारी बॅटरी त्या मापात कशी बसावी? पण दुसरी बाजूही आहे. पेटीचे बाहेरचे माप, जोडाची जागा, व्होल्टचा दाब आणि पिनांचा क्रम एवढेच ठरविले, तर आतले घट हवे तेव्हा सुधारता येतील. टॉर्चच्या पेन्सिल घटाचे माप कित्येक दशके तेच आहे, आतले रसायन मात्र अनेकदा बदलले.

नीती आयोगाच्या त्या मसुद्यात केंद्रे पहिल्या टप्प्यात चाळीस लाखांहून अधिक वस्तीच्या महानगरांत आणि दुसऱ्या टप्प्यात राजधान्यांत व पाच लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत काढावीत, असे सुचविले होते. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची वस्ती साडेपाच लाखांच्या घरात होती. म्हणजे ते दुसऱ्या टप्प्यात बसले असते. कागलची वस्ती त्या वेळी सुमारे चौतीस हजार. रोज लांबून वसाहतीत येणारा कामगार मात्र कागल तालुक्यातल्या खेड्यांत राहतो, आणि त्याला बदलत्या बॅटरीची गरज महानगरातील माणसाहून कमी आहे असे मला वाटत नाही. कारखान्याच्या फाटकाशी एक कपाट उभे केले, तर शेकडो गाड्यांना ते एकाच वेळी उपयोगी पडेल; मात्र त्या शेकडो गाड्यांत एकाच मापाची बॅटरी बसावयास हवी.

ह्या मापाशी आमच्या भागाचा आणखीही एक संबंध आहे. कोल्हापूर, गोकुळ शिरगाव आणि कागल येथील फौंड्रींत वाहनांच्या इंजिनांना लागणारे लोखंडी भाग ओतले जातात. विजेच्या गाडीला तसले इंजिनच नसते. त्यामुळे ओतकाम करणाऱ्या कुटुंबांत ह्या शांत गाड्यांविषयी कौतुकाबरोबर काळजीही आहे. पण बॅटरीची पेटी, खणाची चौकट, तरफ, सरकपट्टी आणि कपाटाचे खण हे धातूचेच काम आहे. त्यात साचा हवा, अचूक कातकाम हवे आणि शेकडो वेळा बॅटरी आत-बाहेर झाली तरी न झिजणारी कड हवी. असे काम करणारे हात येथे पिढ्यानपिढ्या तयार झाले आहेत. मोजमापाचा नकाशा हाती आला, म्हणजे त्यांना साचा करावयास फार दिवस लागणार नाहीत.